जुना संगणक उघडला नाही तर आधी खाती वाचवा

आमच्या नंदुरबार जिल्ह्यात कापडाच्या धंद्याचे वर्ष दोनदा मोजले जाते, एकदा दिवाळीला आणि एकदा होळीला. होळीच्या अगोदरच्या आठवड्यात सातपुड्याच्या पट्ट्यात भोंगऱ्या बाजार भरतात. अक्कलकुवा, धडगावकडील छोटे दुकानदार त्यासाठी आमच्याकडून माल उचलतात आणि मागची उधारीही त्याच दिवसांत फेडतात. समोर बसलेल्या माणसाकडे मागचे किती बाकी आहे हे सांगता आले नाही, तर व्यापाऱ्याची मान खाली जाते. २०१६ साली होळीला आठ दिवस उरले असताना आम्ही सकाळी दुकानातील संगणकाचे बटन दाबले आणि काळ्या पडद्यावर इंग्रजीत दोन ओळी उमटल्या. पहिलीचा अर्थ, असा कप्पा सापडत नाही. दुसरी, ‘ग्रब रेस्क्यू’. पुढे काहीच नाही.

दुरुस्तीवाल्या मुलाला बोलावले. त्याने पडदा पाहिला, दोनदा बटन बंद-चालू केले आणि म्हणाला, “चाचा, विंडोज उडाले. फॉरमॅट मारावे लागेल.” हा शब्द आम्ही सात वर्षांपूर्वीही ऐकला होता आणि तेव्हा मान डोलावली होती. त्याचे काय झाले ते पुढे सांगतो. या वेळी आम्ही त्याला चहा पाजला आणि हात लावू दिला नाही.

व्यापारी बंधूंपैकी अनेकांकडे असे जुने यंत्र अजून कोपऱ्यात चालू आहे. एकाच यंत्रात दोन-दोन, तीन-तीन ऑपरेटिंग सिस्टम का ठेवल्या, असे नवी मुले विचारतात. हौस म्हणून कोणी ठेवत नाही. आमचे यंत्र २००३ सालचे, पेंटियम चार, चाळीस जीबीची हार्ड डिस्क. त्यात पहिल्यापासून विंडोज ९८ होते, कारण हिशेबाचा जुना प्रोग्राम डॉसचा होता आणि बिले छापणारा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर त्याच्याशीच नीट बोलत असे. २००६ साली शेजारच्या कप्प्यात विंडोज एक्सपी टाकले, टॅलीसाठी आणि इनपेजसाठी. मालेगावच्या यंत्रमागवाल्यांशी आमचा पत्रव्यवहार उर्दूत चालतो. आमची शाळा उर्दू माध्यमाची, मराठी पुढे बाजारात शिकलो. जुन्या इनपेजच्या फायली नव्या यंत्रावर उघडताना अक्षरांचा घोळ होतो, म्हणून एक्सपी सोडवत नाही. पुढे ८ एप्रिल २०१४ रोजी मायक्रोसॉफ्टने एक्सपीची देखभाल थांबवली. तेव्हा भाच्याने इंटरनेटपुरते तिसऱ्या कप्प्यात लिनक्स बसवून दिले. असे तीन भाडेकरू एका घरात राहू लागले.

आता हे यंत्र सकाळी कसे उघडते ते समजून घेतले पाहिजे, कारण बिघाड कोणत्या पायरीवर आहे हे कळले की निम्मे काम होते. बटन दाबल्यावर प्रथम जागा होतो तो बायोस. मदरबोर्डवरच्या एका चिपमध्ये तो कायमचा बसलेला असतो. मेमरी, कीबोर्ड, डिस्क जागेवर आहेत का ते तो पाहतो आणि ठरलेल्या क्रमाने एकेका डिस्कच्या दाराशी जातो. दाराशी ५१२ बाइटची एक चिठ्ठी असते. तिला मास्टर बूट रेकॉर्ड म्हणतात. तिच्यातील पहिल्या ४४६ बाइटमध्ये एक छोटा प्रोग्राम, पुढच्या ६४ बाइटमध्ये डिस्कचे कप्पे कोठून कोठवर आहेत त्याची नोंद, आणि शेवटच्या दोन बाइटमध्ये शिक्का. एवढ्याशा जागेत चारच कप्प्यांची नोंद मावते. चिठ्ठीतील प्रोग्राम ठरलेल्या कप्प्याच्या दाराशी नेतो, तेथे त्या कप्प्याची स्वतःची चिठ्ठी असते, म्हणजे बूट सेक्टर. एक्सपीच्या बाबतीत ही दुसरी चिठ्ठी एनटीएलडीआर नावाच्या फायलीला हाक मारते. ती फाइल आपला मुनीम समजा. मुनीम बूट डॉट आयएनआय हा कागद वाचतो, ‘एक्सपी उघडू की ९८’ असे विचारतो आणि त्याप्रमाणे कुलूप काढतो.

तुमची खतावणी, रोजमेळ, बिले, पत्रे या सगळ्यात कोठेच आली नाहीत. ती गोदामात आहेत. वर सांगितलेला सारा कारभार दाराशी चालतो. संगणक उघडत नाही म्हणजे बहुतेक वेळा दारातील कोणी तरी रजेवर आहे. फॉरमॅट म्हणजे दार उघडेना म्हणून गोदाम रिकामे करणे. फॉरमॅट केल्यावर दार नक्की उघडते, म्हणून दुरुस्तीवाल्याला तो उपाय सोपा वाटतो. त्याचा वेळ वाचतो, माल आपला जातो.

आता २००९ सालची गोष्ट. विंडोज ९८ मध्ये प्रिंटर चालेना, म्हणून एका दुरुस्तीवाल्याने ९८ पुन्हा वरून बसवले. प्रिंटर चालू झाला. दुसऱ्या दिवशी पाहतो तर सुरुवातीचा ‘एक्सपी की ९८’ हा प्रश्नच गायब, यंत्र सरळ ९८ मध्ये जाई आणि डी ड्राइव्ह कोठे दिसेना. दुरुस्तीवाला परत आला. दुसरा कप्पा अनोळखी दाखवतो आहे, तो खराब झाला, साफ करून नवा करावा लागेल, असे त्याने सांगितले. आम्ही हो म्हटले. टॅलीतील दोन वर्षांची उधारी त्या कप्प्यात होती.

नंतर जे कळले त्याने आजही जीव हळहळतो. कप्पा खराब झालाच नव्हता. एक्सपीचा कप्पा एनटीएफएस पद्धतीचा होता आणि विंडोज ९८ ला ती लिपी वाचताच येत नाही. ते फक्त फॅट पद्धतीचे कप्पे ओळखते. मराठी न येणाऱ्याला मराठी वही दिली तर तो ‘यात काही लिहिलेले नाही’ म्हणेल काय? ९८ ने तसेच म्हटले. आणि प्रश्न गायब झाला याचे कारण एवढेच, की जुनी सिस्टम नव्यानंतर बसवली की ती पहिल्या कप्प्याची चिठ्ठी आपल्या नावाने पुन्हा लिहिते. मुनीम जागेवर असतो, पण त्याला कोणी हाक मारत नाही. एक्सपीची सीडी घालून एकच हुकूम दिला असता, फिक्सबूट सी, तर मुनीम कामावर परतला असता. पाच मिनिटांचे काम होते.

ती दोन वर्षांची उधारी आम्ही कच्च्या पावत्या, बिल्ट्या आणि गिऱ्हाइकांच्या आठवणीवरून पुन्हा लिहिली. बहुतेकांनी आपणहून आकडा सांगितला. एका दुकानदाराने तर आम्ही धरलेल्या रकमेपेक्षा जास्त बाकी सांगितली आणि होळीला आणून दिली. काहींनी उलट आम्हालाच विचारले, “किती होते सेठ?” त्यांच्या नावापुढची जागा आमच्या वहीत अजून कोरी आहे. आमच्याकडून आकडा गेला, तेव्हा त्यांना दोष द्यायला तोंड राहिले नाही.

म्हणून कोणतीही दुरुस्ती करण्याआधी पहिले काम, खाती बाहेर काढणे. डिस्क चालू असेल तर हे यंत्र न उघडताही होते. पपी लिनक्ससारखी हलकी सिस्टम एका सीडीवर मावते. ती सीडी घालून यंत्र चालू केले की हार्ड डिस्कला न छेडता ती स्वतः मेमरीत उघडते, एनटीएफएस आणि फॅट दोन्ही वाचते आणि तुमचे फोल्डर पेनड्राइव्हवर घेऊ देते. जुनी यंत्रे पेनड्राइव्हवरून सुरू होत नाहीत, पण सीडीवरून होतात, म्हणून सीडीच करून ठेवावी. दुसरा मार्ग, डिस्क काढून यूएसबी कनेक्टरने दुसऱ्या चांगल्या संगणकाला जोडणे. जोडल्यावर तो संगणक ‘ही डिस्क फॉरमॅट करू का’ असे विचारू शकतो. उत्तर नाही. आणि डिस्कमधून टक-टक असा आवाज येत असेल तर वारंवार चालू-बंद करू नका, तपासणीचा कोणताही प्रोग्राम चालवू नका. मरत्या डिस्कला जेवढे श्वास उरले आहेत ते खाती काढण्यात खर्च करावेत.

२०१६ च्या त्या सकाळी भाच्याने हेच केले. आधी त्याने कबुली दिली. “मामू, रात्री मीच लिनक्सचा कप्पा काढला. तुमच्या डेटाला जागा कमी पडत होती.” हेतू चांगला होता. पण लिनक्स बसवताना दारातील ४४६ बाइटची जागा ग्रब नावाच्या प्रोग्रामने घेतली होती. एवढ्या जागेत तो पूर्ण मावत नाही, म्हणून त्याचा बाकीचा देह लिनक्सच्या कप्प्यात असतो. कप्पा काढल्यावर दारात फक्त डोके राहिले. ते बिचारे विचारत होते, माझे धड कोठे आहे?

पपीच्या सीडीने सारी खाती काढली. इतक्या वर्षांचे हिशेब मिळून पेनड्राइव्हचा कोपराही भरला नाही, हे पाहून आम्हीच थक्क झालो. मग एक्सपीची सीडी घातली. निळ्या पडद्यावर ‘आर’ दाबल्यावर रिकव्हरी कन्सोल उघडते. कोणते विंडोज ते विचारते, तेथे आकडा लिहायचा. मग अॅडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड मागते. कधी ठेवलाच नसेल तर नुसते एंटर. त्यानंतर फिक्सएमबीआर हा हुकूम दिला. येथे यंत्र एक भयंकर इशारा देते, की मास्टर बूट रेकॉर्ड नेहमीसारखे नाही, पुढे गेल्यास कप्पे हरवू शकतात. भाच्याचा हात थांबला. ग्रब बसलेला असल्यावर हा इशारा येणारच, कारण तो मायक्रोसॉफ्टच्या ओळखीचा नाही. खाती पेनड्राइव्हवर सुखरूप होती, म्हणून आम्ही ‘होय’ म्हणालो. यंत्र पुन्हा चालू केल्यावर ‘एक्सपी की ९८’ हा ओळखीचा प्रश्न समोर आला. दुपारच्या आत आम्ही उधारीची यादी छापली.

पण त्या इशाऱ्याला नेहमीच झटकू नये. दाराशी चोर लपण्याची परंपरा जुनी आहे. आयबीएमच्या पीसीवर पसरलेला पहिला व्हायरस १९८६ सालचा, लाहोरच्या बासित आणि अमजद फारुख अलवी या भावांचा ‘ब्रेन’. तो फ्लॉपीच्या बूट सेक्टरमध्येच राहत असे. आमच्या प्रोग्रामची चोरी ओळखण्यासाठी केला, असे त्यांचे म्हणणे. त्याने फार नुकसान केले नाही. पुढे आलेला ‘मंकी’ मात्र वाईट. तो मास्टर बूट रेकॉर्ड उचलून दुसरीकडे सांकेतिक रूपात ठेवी, आणि कोणी जुन्या डॉसचा ‘एफडिस्क एमबीआर’ हुकूम देऊन दार साफ केले की कप्प्यांचा पत्ताच हरवे. जुन्या फ्लॉप्या अजून वापरणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. आणखी एक गोष्ट. ग्रबला चालू कप्प्याची खूण लागत नाही, मायक्रोसॉफ्टच्या चिठ्ठीला लागते. फिक्सएमबीआर नंतर ‘मिसिंग ऑपरेटिंग सिस्टम’ असे आले तर घाबरू नका, पहिल्या कप्प्यावर ‘अॅक्टिव्ह’ ही खूण आहे का ते पाहा.

आता इतर निरोपांबद्दल. ‘नॉन-सिस्टम डिस्क’ असे आले तर प्रथम फ्लॉपी किंवा सीडी आत राहिली आहे का ते पाहावे. निम्म्या वेळा तेवढेच असते, आणि तेवढ्यासाठी पैसे मोजलेले व्यापारी आम्हाला ठाऊक आहेत. ‘एनटीएलडीआर इज मिसिंग’ म्हणजे मुनीम जागेवर नाही किंवा यंत्र चुकीच्या दाराशी गेले. बायोसमधील डिस्कचा क्रम तपासा, तो बरोबर असेल तर एक्सपीच्या सीडीतील आय-३८६ या फोल्डरातून एनटीएलडीआर आणि एनटीडिटेक्ट या दोन फायली सी ड्राइव्हवर आणून ठेवा. डिस्कच सापडत नसेल तर डबा उघडून पट्टीसारखी केबल दाबून पाहा. जुन्या डिस्कला मागे जंपर नावाची छोटी टोपी असते. एका केबलवर दोन वस्तू असतील तर एक मास्टर आणि एक स्लेव्ह हवी.

सर्वांत फसवा निरोप म्हणजे ‘एचएएल डॉट डीएलएल हरवली किंवा खराब झाली’. वाचणाऱ्याला वाटते विंडोज सडले. प्रत्यक्षात ती फाइल बहुधा आपल्या जागी ठणठणीत असते. कप्पा काढला किंवा नवा जोडला की कप्प्यांचे क्रमांक बदलतात, आणि मुनीमाच्या कागदावर जुनाच क्रमांक असतो. तो चुकीच्या गोदामात जाऊन फाइल शोधतो आणि मिळाली नाही असे कळवतो. रिकव्हरी कन्सोलमध्ये ‘बूटसीएफजी रीबिल्ड’ हा हुकूम दिला की कागद नवा लिहिला जातो.

बॅटरीचेही तसेच. मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्याएवढी तीन व्होल्टची बॅटरी असते, सीआर-२०३२. ती संपली की यंत्र तारीख विसरते, डिस्कचा क्रम विसरते आणि ‘सीमॉस चेकसम एरर’ दाखवते. आमच्याकडे एकदा चार बिलांवर २००२ सालची तारीख पडली, तेव्हा कळले. किराणा दुकानातही मिळणारी ही वस्तू बदलली की झाले. फक्त साटा डिस्क असलेल्या थोड्या अलीकडच्या यंत्रात एक पेच आहे. बॅटरी गेल्यावर बायोसमधील डिस्कची पद्धत आयडीईवरून एएचसीआयवर जाऊ शकते, आणि मग एक्सपी निळा पडदा दाखवते, शेवटी ‘सात बी’ असा आकडा. पद्धत परत आयडीईवर केली की एक्सपी निमूट उघडते. यावरही फॉरमॅट सुचवणारे भेटतात.

ज्यांच्याकडे विंडोज सेव्हन आहे त्यांचा मुनीम वेगळा, त्याचे नाव बूटएमजीआर. तेथे सेव्हनच्या डीव्हीडीवरून दुरुस्तीच्या खिडकीत जाऊन बूटरेक हा हुकूम फिक्सएमबीआर, फिक्सबूट आणि रीबिल्डबीसीडी या जोडण्यांसह द्यायचा. ज्या नव्या यंत्रांत यूईएफआय आहे त्यांची दारची रचनाच निराळी. त्यांच्यावर वरील उपाय करू नयेत.

नव्याने बसवायचे असेल तर क्रम जुन्याकडून नव्याकडे ठेवावा, आधी ९८, मग एक्सपी, मग सेव्हन, शेवटी लिनक्स. नवी सिस्टम जुनीची दखल घेते, जुनीला नवीचा पत्ता नसतो. लिनक्स काढायचे असेल तर आधी फिक्सएमबीआर, मग कप्पा. भाच्याने उलटे केले होते. आणि वीज अचानक जाणे हे या सगळ्या दुखण्यांचे मूळ आहे. भारनियमनाच्या वर्षांत आमची डिस्क दिवसातून अनेकदा मध्येच बंद पडे. यूपीएसची बॅटरी मेली असेल तर यूपीएस असून नसल्यासारखाच.

कोणी म्हणेल, एवढी खटपट करण्यापेक्षा ते यंत्र भंगारात द्या. रोजच्या कामासाठी आम्हीही नवे घेतले. १ जुलै २०१७ रोजी कापडावर जीएसटी आला, सुरतेचा बाजार त्या महिन्यात संपावर गेला, आणि ज्यांनी कधी विक्रीकराचा कागद भरला नव्हता अशा कापडवाल्यांनाही संगणकापुढे बसावे लागले. पण जीएसटीच्या कायद्याने त्या त्या वर्षाचे हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने ठेवावे लागतात, आणि उधारी तर कायद्यापेक्षा लांब चालते. वडिलांच्या वेळची बाकी मुलगा आणून देतो, तेव्हा जुने पान काढून त्याच्यासमोर खोडावे लागते.

सध्या आमचे जुने यंत्र इंटरनेटला जोडलेले नाही. डब्याच्या बाजूला एक कागद चिकटवला आहे: पहिला कप्पा ९८, फॅट; दुसरा एक्सपी, एनटीएफएस, यात टॅली; तिसरा नुसता डेटा. कागदाखाली भाच्याने मोठ्या अक्षरांत लिहिले आहे, ‘मामूंना विचारल्याशिवाय फॉरमॅट नाही’. एक्सपीची आणि पपीची सीडी त्याच खणात आहे. दर गुरुवारी दुकान वाढवण्याआधी खाती दोन पेनड्राइव्हवर उतरतात, एक दुकानाच्या तिजोरीत राहतो आणि दुसरा घरी जातो.